मॉर्फिन, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या आणि तुंबलेलं पोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाच्या आणि जुनाट दुखण्याच्या रुग्णांकडे घरभेटीला गेलं की दुखण्याची चौकशी झाल्या झाल्या मी पोटाची चौकशी करते. पोट तुंबलं की माणूस गुपचूप गोळी चुकवायला लागतो. गोळी चुकली की दुखणं उसळतं, आणि घरच्यांना वाटतं औषधच लागू पडत नाही. हे बहुतेक वेळा टाळता येतं. नातेवाईक फोनवर, दारात, आम्ही चपला घालत असताना हळूच जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इथे दिलेली मात्रा ही साधारण कल्पना यावी म्हणून आहे. तुमच्या रुग्णाची मात्रा त्याच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

दुखण्याच्या सगळ्याच गोळ्यांनी असं होतं का?

नाही. पॅरासिटामॉलने होत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचा त्रास मुख्यतः जठराला आणि किडनीला. पोट तुंबतं ते अफूच्या कुळातल्या औषधांनी, म्हणजे ओपिऑइडनी. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मेथाडोन, शिवाय कातडीवर चिकटवायचे फेंटॅनिल आणि ब्युप्रेनॉर्फिनचे पॅच, हे सगळे त्यात आले.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हाड मोडलं की हातात पडणारी गोळी बऱ्याचदा ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांचं मिश्रण असते (३७.५ मिलिग्रॅम आणि ३२५ मिलिग्रॅम). घरात ती ‘साधी पेनकिलर’ म्हणून घेतली जाते आणि चार दिवसांनी पोट का फुगलं याचा कुणाला पत्ता लागत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं एकदा वाचा, किंवा मेडिकलवाल्याला विचारा.

औषध दुखण्यावरचं, मग आतडं का थांबतं?

ही औषधं मेंदू आणि मणक्यातल्या ज्या जागांना जाऊन चिकटतात, तशाच जागा आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवरही असतात. तिथे औषध बसलं की आतड्याची पुढे ढकलणारी हालचाल मंदावते. मळ जास्त वेळ आत राहतो आणि तेवढा वेळ आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. आतड्यात सुटणारे पाचकरस कमी होतात, गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो, आणि ‘आता जायला हवं’ ही जाणीवही बोथट होते. म्हणून रुग्ण म्हणतो, “लागतच नाही.” तो खरंच सांगत असतो.

जुलाब थांबवायला आपण लोपेरामाइडची गोळी घेतो ना, तीही ओपिऑइडच आहे. नेहमीच्या मात्रेत ती मेंदूत जवळजवळ पोचत नाही, आतड्यावर काम करते. जुलाब थांबवण्याच्या गोळीचं आणि मॉर्फिनचं आतड्यातलं काम एकच आहे, हे एकदा लक्षात आलं की रुग्णाला “पाणी पीत नाहीस, फिरत नाहीस” म्हणून रागावणं बंद होतं. त्याची काही चूक नसते.

थोड्या दिवसांनी शरीराला सवय होईल ना?

मळमळ आणि गुंगीची होते, साधारण आठवडाभरात दोन्ही कमी होतात. पोटाची सवय होत नाही. ओपिऑइड जितके दिवस चालू, तितके दिवस आतडं मंदच राहणार.

मग रेचक कधी सुरू करायचं? त्रास झाल्यावर?

ज्या दिवशी पहिली गोळी घेतली त्याच दिवशी. डॉक्टरांनी मॉर्फिन किंवा रोजचं ट्रॅमाडॉल लिहिलं आणि चिठ्ठीवर रेचक नसेल, तर तिथेच विचारा: “पोट साफ राहायला काय देताय?” विचारायला संकोच करू नका. आधीच जुलाब होत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर थांबायला सांगतात.

घरी गेल्यावर मी औषधांचा डबा बघायला मागते. मॉर्फिनच्या पट्टीतल्या गोळ्या संपत आलेल्या असतात आणि शेजारी लॅक्टुलोज या रेचकाची बाटली सीलबंद. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “गरज पडली तर द्यायची म्हणून ठेवलीय.” गरज पहिल्या दिवसापासूनच असते. खडा झालेला मळ काढणं फार वेदनेचं काम आहे, तो होऊ न देणं सोपं आहे.

कोणतं रेचक चांगलं?

एका वाक्यात सांगायचं तर आतड्याला हलवणारं एक आणि मळ मऊ ठेवणारं एक, अशी जोडी बहुतेकांना लागते.

हलवणाऱ्यांत सोनामुखी (सेन्ना), बिसाकोडिल आणि सोडियम पिकोसल्फेट येतात. ही रात्री झोपताना घ्यायची. सहा ते बारा तासांत काम करतात, म्हणजे सकाळी. बिसाकोडिलची गोळी ५ मिलिग्रॅमची, सुरुवात सहसा एक किंवा दोन गोळ्यांनी. ती चावायची नाही, कुटायची नाही, आणि दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर घ्यायची नाही, मध्ये किमान तासभर जाऊ द्या. गोळीवरचं आवरण जठरात विरघळलं तर पोटात मुरडा येतो. आपल्याकडे रात्रीच्या गोळ्या दुधाबरोबर देण्याची पद्धत घरोघरी आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

मऊ ठेवणाऱ्यांत लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध (साधारण १५ ते ३० मिली रोज) आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर (एका वेळी १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात). ही आतड्यात पाणी धरून ठेवतात. लॅक्टुलोजला गुण यायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे आज दिलं आणि उद्या सकाळी झालं नाही म्हणून बंद करू नका. काहींचं पोट त्याने गुबारतं. तसं झालं तर डॉक्टर पावडरीवर बदलून देतात. नुसतं मऊ करून भागत नाही, कारण ढकलणारं आतडंच थांबलेलं असतं. तेव्हा एकट्या मऊ करणाऱ्या औषधावर महिनाभर वाट बघत बसू नये.

दोन सावधगिऱ्या. मॅग्नेशियम असलेली औषधं, म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि त्याची मिश्रणं, किडनी कमजोर असलेल्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि लिक्विड पॅराफिन असलेली औषधं, पांढरी किंवा गुलाबी घट्ट पातळ औषधं असतात त्यांतल्या काहींत हे असतं, गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नकोत. ते तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुफ्फुसाला अपाय होतो.

इसबगोल चालेल का? वर्षानुवर्षं घेतोय.

या परिस्थितीत शक्यतो नको. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि मळाचा आकार वाढवतं. आतडं धडधाकट असेल तर त्या दाबाने पुढे ढकलतं. ओपिऑइडने मंदावलेल्या आतड्यात, त्यातून रुग्ण दिवसाला चार पेले पाणीही पीत नसेल तर, तो फुगलेला गोळा तिथेच अडकून बसतो. ऑपरेशननंतर चालता-फिरता, भरपूर पाणी पिणारा तरुण माणूस असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. झोपून असलेल्याला देऊ नका.

अंजीर, मनुका, पपई, गरम पाणी, दुधात तूप?

रुचत असेल तर जरूर द्या. भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर, पपई, पालेभाजी, पातळ वरण, ताक, पेज. सकाळच्या चहाआधी कोमट पाणी. यातलं काहीही वाईट नाही आणि त्यातून रुग्णाच्या पोटात पाणी जातं, हे मोलाचं. मधुमेह असेल तर मनुका-अंजीर बेतानं.

पण हे रेचकाच्या जोडीने द्यायचं, रेचकाऐवजी नाही. ज्याला दोन घास जात नाहीत त्याच्यामागे “भाजी खा, कोंड्याची भाकरी खा” म्हणून लागणं हा छळ होतो. कोंडाही पाण्यावाचून इसबगोलासारखाच वागतो.

एरंडेल देऊ नका. त्याने जोराची कळ येते, अंगातलं पाणी जातं, आणि दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा तिथेच. त्रिफळा किंवा कुठलं आयुर्वेदिक चूर्ण चालू असेल तर लपवू नका. पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असतेच आणि वरून तिची गोळीही दिली तर मात्रा दुप्पट होते.

बाबा जेवतच नाहीत, मग होणार कुठून?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते. मळ फक्त अन्नाचा नसतो. आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी, जंतू, चिकट स्राव, हे सगळं रोज तयार होतं. पेजेवर असलेल्या माणसालाही शौचाला व्हायला हवं; प्रमाण कमी असेल, पण व्हायला हवं. “खात नाही म्हणून होत नाही” असं म्हणत आठ-दहा दिवस गेले की अडकलेल्या मळामुळेच भूक आणखी मरते आणि उलट्या सुरू होतात.

किती दिवस वाट पाहायची?

तीन दिवस झाले नाही की फोन करा. चौथ्या दिवसाची वाट बघू नका. रोजच व्हायला हवं असं नाही. एक-दोन दिवसांआड, कुंथावं न लागता, मऊ झालं तर ठीक चाललंय.

आणि लिहून ठेवा. बहुतेक घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असतोच. त्याच चौकटीत पोट साफ झालं की एक खूण करा, कडक झालं तर ‘क’, पातळ झालं तर ‘प’. घरात तिघं-चौघं आळीपाळीने सेवा करत असतील तर याचा फार उपयोग होतो, कारण प्रत्येकाला वाटत असतं की काल दुसऱ्याच्या पाळीत झालं असेल. डॉक्टरांनाही ते पान दाखवता येतं. रुग्णालयांत यासाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात मळाचे सात प्रकार चित्रांसह आहेत, पहिला सुट्या कडक गोळ्यांचा आणि सातवा नुसत्या पाण्याचा. तिसरा-चौथा आला की आम्ही समाधानी.

आता तर पाण्यासारखे जुलाब होताहेत. रेचक बंद करू ना?

थांबा. आधी किती दिवस पोट साफ झालं नव्हतं ते आठवा. पाच-सात दिवस काही नाही आणि मग अचानक थोडं थोडं पाणी गळायला लागलं, कपडे खराब व्हायला लागले, पण पोट हलकं वाटत नाही, तर तो जुलाब नसण्याची शक्यता मोठी. खाली कडक मळाचा गोळा अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर अडकलेलं आणखी घट्ट होतं. नर्स किंवा डॉक्टरांकडून गुदद्वाराची तपासणी करून घ्या. बोट घालून पाहिलं की मिनिटभरात कळतं. तपासणीत अडकलेलं काही आढळलं नाही आणि खरंच जुलाब असतील, तर रेचकाची मात्रा कमी करतात.

सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची औषधाची वडी) किंवा एनिमा घरी देता येतो का?

देता येतो, पण पहिल्यांदा शिकून घ्या. बिसाकोडिलची १० मिलिग्रॅमची सपोझिटरी पाऊण-एक तासात काम करते. ती मळाच्या गोळ्यात खुपसायची नाही, आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे. मळ कडक असेल तर आधी ग्लिसरीनची. खाली गोळा घट्ट बसलेला असताना वरून जोरकस रेचकं देत राहिलं तर नुसत्या कळा येतात, म्हणून आधी खालून मोकळं करावं लागतं.

फॉस्फेटचा तयार एनिमा किडनीच्या रुग्णाला किंवा फार वृद्ध, सुकलेल्या माणसाला विचारल्याशिवाय नको. आणि हे विसरू नका: केमोथेरपी चालू असून पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी झाल्या असतील तर गुदद्वारातून काहीही घालायचं नाही, थर्मामीटरसुद्धा नाही. संसर्गाचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. आधी डॉक्टरांना विचारायचं.

सासरे काही सांगतच नाहीत. विचारलं की “ठीक आहे” म्हणतात.

सुनेला संडासाबद्दल सांगायचं त्यांना लाजेने अवघड जातं. तुम्हालाही विचारणं सोपं नसणार. मुलाने विचारावं, नातवाने विचारावं, नाहीतर घरभेटीला येणाऱ्या नर्सवर सोपवा. “झालं का?” असं विचारलं की उत्तर “हो” येतं. “शेवटचं कधी झालं, सोमवारी की मंगळवारी?” असं विचारलं की माणूस आठवायला लागतो.

मग जागेचं बघा. पुष्कळदा औषध बरोबर असतं आणि अडतं ते इथे. पलंगावर आडवं पडून, खाली भांडं घेऊन शौच करणं कुणालाही कठीण आहे. दोघांनी धरून पाच मिनिटं बसवता येत असेल तर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणा, ती भाड्यानेही मिळते. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली लाकडी पाट द्या. गुडघे कमरेच्या वर आले, रुग्ण जरा पुढे वाकला, कोपरं मांडीवर टेकली की मार्ग सरळ होतो. जन्मभर उकिडवं बसायची सवय असलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो. वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची अर्ध्या तासातली धरा, पोटात अन्न गेलं की आतड्याला आपोआप चालना मिळते.

एका खोलीच्या घरात आडोसा कुठून आणणार, हेही मी रोज पाहते. दोरीवर साडीचा पडदा लावा, बाकीच्यांनी दहा मिनिटं बाहेर जावं, टीव्हीचा आवाज वाढवावा. पडद्यापलीकडे सगळं घर कान देऊन बसलंय असं वाटलं तर कोणाचं पोट साफ होईल?

प्रवासाचंही तसंच. सोलापूरहून, रत्नागिरीहून परळला टाटा हॉस्पिटलात तपासणीला येणारे रुग्ण वाटेत जायला लागू नये म्हणून आदल्या दिवसापासून पाणी तोडतात आणि रेचकही चुकवतात. परत गेल्यावर आठवडाभर त्रास भोगतात. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलायची असेल तर विचारून बदला, पण चुकवू नका.

इतका त्रास आहे तर मॉर्फिनच कमी करतो.

कृपया असं स्वतःहून करू नका. रोज घेतलेलं मॉर्फिन एकदम थांबवलं तर घाम, अंगदुखी, तगमग, जुलाब असा त्रास होतो, आणि मूळ दुखणं वेगळंच. मॉर्फिन मिळवायला आपल्या लोकांनी आधीच पुष्कळ सोसलंय. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतकं जखडलं होतं की दुखणाऱ्या माणसापर्यंत पोचेना. २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट जरा सुकर झाली. एवढ्या खटपटीने आणलेली गोळी पोटाच्या भीतीने डब्यात पडून राहते, आणि माणूस रात्रभर उशी आवळून बसतो. हे पाहवत नाही. पोटावर उपाय आहेत, ते पूर्ण करून बघा.

कधी कधी औषध बदलूनही फरक पडतो. फेंटॅनिलच्या पॅचने मॉर्फिनपेक्षा पोट कमी तुंबतं, टॅपेंटाडॉलनेही काहींना कमी त्रास होतो. पण पॅच लावला म्हणून रेचक सुटत नाही. आणि मॉर्फिनची मात्रा वाढली की रेचकाचीही वाढवायची का, हे त्याच दिवशी विचारायचं.

रोज रेचक घेऊन आतड्याला सवय नाही लागणार?

ही भीती खूप जणांना आहे. आतडं मंद केलंय ते ओपिऑइडने, आणि ते चालू असेपर्यंत रेचक लागणारच. सांगितलेल्या मात्रेत रोज घेतल्याने आतडं निकामी होतं असं नाही.

बाकीच्या औषधांचा हातभार असतो का?

बराच. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पोटात कळ आली की घेतली जाणारी डायसायक्लोमिन, अ‍ॅल्युमिनियम असलेली अ‍ॅसिडिटीची औषधं, रक्तदाबाची व्हेरापामिल, केमोथेरपीतलं विन्क्रिस्टिन. यातलं काही तुम्ही स्वतः बंद करू नका. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. कळ कमी व्हायला दिलेल्या डायसायक्लोमिनने पोट आणखी तुंबलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. मधुमेह, थायरॉइड कमी असणं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढणं यांनीही पोट तुंबतं. कर्करोगात कॅल्शियम वाढल्यावर तहान, गुंगी, असंबद्ध बोलणं अशी लक्षणंही दिसतात. ती दिसली तर रक्त तपासावं लागतं.

नवीन काही औषधं निघाली आहेत म्हणे?

आहेत. ओपिऑइडचा परिणाम फक्त आतड्यात उलटवणारी ही औषधं आहेत; नेहमीच्या मात्रेत ती मेंदूपर्यंत फारशी जात नाहीत, म्हणून वेदनाशमन टिकतं. अमेरिकेत मिथाइलनाल्ट्रेक्सोनच्या इंजेक्शनला २००८ मध्ये, नालॉक्सेगॉलच्या गोळीला २०१४ मध्ये आणि नाल्डेमेडिनला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. साध्या रेचकांची पुरेशी मात्रा देऊनही भागलं नाही तर डॉक्टर यांचा विचार करतात. आतड्याला अडथळा असल्यास ही चालत नाहीत. परदेशात राहणाऱ्या मुलांनी बॅगेतून आणून परस्पर देऊ नयेत.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

पोट टणक फुगलंय, वारासुद्धा सरत नाही, उलट्या होताहेत, विशेषतः हिरव्या किंवा घाण वासाच्या: आतडं अडलं असू शकतं. अशा वेळी रेचकाचा पुढचा डोस देऊ नका, निघा. मळातून रक्त पडणं, पोटात थांबत नाही अशी कळ, ताप, हेही थांबण्यासारखं नाही. लघवी अडली तर वृद्धांत तिचं कारण तुंबलेला मळही असतो, आणि त्यातून एकाएकी बरळणं सुरू होतं.

आणखी एक. कर्करोगाच्या रुग्णाला पाठीत नवीन दुखायला लागलं, पायातली ताकद गेली, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिर वाटतंय, लघवी-संडासावरचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. काही तासांचा उशीर झाला तरी पाय कायमचे जाऊ शकतात. रात्री दोन वाजले असले तरी निघा.

ऑपरेशनचं दुखणं थांबलं, गोळ्या संपल्या. रेचक कधी सोडायचं?

ओपिऑइड थांबल्यावर लगेच नाही. पोट दोन-तीन दिवस नीट साफ होऊ द्या, मग आधी रेचकाची रात्रीची गोळी सोडा, लॅक्टुलोज आणखी थोडे दिवस चालू ठेवून हळूहळू कमी करा. ओपिऑइड बंद होऊन आठवडा उलटला तरी पोट मार्गावर आलं नाही, तर कारण दुसरं असेल, तपासून घ्या. आणि उरलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी देऊ नका.